माझ्या पायांना चटका लागत नव्हता

आधीच सांगून टाकते, माझा पाय कधी दुखलाच नाही. लोक विचारतात, फार त्रास झाला असेल हो त्या वेळी? मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं, बाई मोठी शूर आहे. शूर कसली, डोंबल! दुखलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं घर डोक्यावर घेतलं असतं आणि उजव्या पायाचा अंगठा आज जागेवर असता. ज्यांना साखरेचा आजार आहे आणि 'आपल्याला काही होत नाही' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मलाही अगदी तसंच वाटत होतं.

गच्ची

आम्ही मूळचे सांगलीकडचे. यांची नोकरी सरकारी कारखान्यात, तिथून लखनौला बदली झाली आणि आम्ही तिथलेच होऊन गेलो. ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. निशातगंजमध्ये शुक्लांच्या घराचा खालचा मजला आमच्याकडे भाड्याने होता. वर शुक्ला चाची आणि त्यांचे यजमान, आणि त्याच्यावर गच्ची. आमची मुलगी रेवा तेव्हा कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. मी म्हणायची, रेवा, कांदा चिर गं. आतून आवाज यायचा, "हाँ मम्मी, बस दो मिनट."

माझी एकच मिजास होती, कुरडया. लखनौतल्या दहाबारा मराठी घरांना, कोणी बँकेतले, कोणी एअरफोर्समधले, वर्षाच्या कुरडया माझ्या हातच्या लागायच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. पहाटे तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्याने कुरडया घालायच्या. मग पांढऱ्या धोतरावर दिवसभर ऊन, आणि दुपारी एकदा उलटायच्या. लखनौचं जेठातलं, म्हणजे मे-जूनचं ऊन कुरडयांना फार चांगलं, माणसांना नाही. लू, तो भाजणारा वारा, सुटली की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

आणि माझा नियम असा की वाळवणात चप्पल घालून जायचं नाही. खायच्या जिनसांत चपला म्हणजे काय! आईने शिकवलं होतं, तेच मी सगळ्यांना शिकवलं. गच्चीच्या एका कोपऱ्यात चाची बटाट्याच्या चकत्या वाळत घालायच्या. त्या स्लिपर घालून यायच्या, आणि माझ्या बाजूला काही द्यायला आल्या तर दारात स्लिपर काढून नाचत यायच्या. "हाय दइया, पैर जल गए," म्हणत परत पळायच्या. मी भर दुपारी दोन वाजता त्याच सिमेंटवर अनवाणी बसून कुरडया उलटत असे, आणि त्यांना हसत असे. म्हणायची, चाची, आमच्या सांगलीच्या बायकांचे पाय आहेत हे, यांना चटका लागत नाही.

खरंच लागत नव्हता. त्याचा मला अभिमान होता. आज आठवलं की माझीच मला कीव येते.

साखर निघाल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. गोळ्या आठवल्या की घ्यायच्या. मध्यंतरी दोन वर्षं रात्री पायांना मुंग्या यायच्या, जळजळ व्हायची, मग आपोआप थांबली. मला वाटलं बरं झालं. चालताना गादीवरून चालल्यासारखं वाटायचं. एकदा तर निशातगंजच्या बाजारात भाजीवाल्याने मागून हाक मारली, "बहनजी, चप्पल तो लेती जाइए." एक चप्पल दहा पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. सगळे हसलेही.

डाग

एका दुपारी कुरडया उलटताना धोतरावर तांबूस डाग दिसले. चार-पाच, एका ओळीत. मी म्हटलं, मांजर आलं असेल मेलं. चाचींना विचारलं, त्याने कबुतर वगैरे मारलं का इथे? मग रेवाला बोलावलं आणि झापलं, की पायाला लागलेलं असताना गच्चीवर हिंडतेस, वाळवणाची वाट लावतेस. तिने दोन्ही तळवे वर करून दाखवले. स्वच्छ होते. मग म्हणाली, "मम्मी, अब अपना दिखाओ."

मी उलट्या परातीवर बसले आणि पाय वळवून पाहिला. उजव्या अंगठ्याखाली, जिथे सगळा भार पडतो तिथे, रुपयाएवढी कातडी सोलून निघाली होती. लाल मांस दिसत होतं आणि त्यात गच्चीची कच रुतली होती. रेवाने तोंडावर हात घेतला. मी बोट लावून पाहिलं, दाबून पाहिलं. काहीच नाही. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असा माझा हिशेब. उरलेल्या कुरडया उलटूनच मी खाली आले.

पुढचा दीड महिना मी जे केलं ते कोणी करू नये म्हणून सांगते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पायाला आराम द्या. गोळ्या घेतल्या. आरामाचं वाक्य कानाआड केलं. चाचींनी मीठ घालून गरम पाण्यात पाय बुडवायला सांगितलं, म्हणून रोज संध्याकाळी बादली घेऊन बसायची. एकदा रेवाने त्यात बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं, इतकं कढत होतं. मी त्यात पंधरा मिनिटं पाय सोडून पेपर वाचत बसले होते. मलिहाबादहून चाचींच्या भावाने दशहरीची पेटी पाठवली, त्यातले आंबेही खाल्ले. झाडाचं फळ ते, त्याने काय होतंय! आणि बहिणीकडच्या लग्नासाठी चिकनच्या भरतकामाच्या साड्या घ्यायला एक अख्खी दुपार चौक बाजारातल्या गल्ल्या पायी तुडवल्या. पायाला पट्टी, पट्टीवर मोजा, मोज्यावर चप्पल.

जुलैत एके दिवशी हे जेवताना म्हणाले, कसला वास येतोय? मी बटाट्यांची टोपली उपसली. मोरी धुतली. कपाटामागे उंदीर मेला असेल म्हणून यांना कपाट सरकवायला लावलं. सगळं घर हुंगून झालं. संध्याकाळी मला थंडी वाजून ताप भरला, आणि पट्टी सोडली तेव्हा कळलं की वास माझा होता.

निळे ठिपके

मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा एक तरुण सर्जन आले. फोटो काढला, प्रकाशासमोर धरला, आणि माझ्याशी न बोलता यांच्याशी बोलले. हाडापर्यंत गेलंय. अंगठा तर काढावाच लागेल, पण तो काढून थांबेल असं नाही. वर चढलं तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, मनाची तयारी ठेवा. हे नुसते हं हं करत होते. मी बघितलं तर यांच्या हातातल्या फायलीची दोरी बोटाला गच्च गुंडाळली होती आणि बोट पांढरं पडलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पायाकडे बघून नाही वाटली, त्या बोटाकडे बघून वाटली.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे डॉक्टर आले. निवृत्त झालेले, आठवड्यातून दोनदा येत. कितीतरी वर्षं शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात त्यांनी पायांचंच काम केलं होतं. त्यांनी खिशातून साधं बॉलपेन काढलं. म्हणाले, डोळे मिटा, मी पेन टेकवलं की हाँ म्हणा.

मी डोळे मिटून बसले. वाट बघतेय, बघतेय. डाव्या पायाला काहीतरी लागलं, मी हाँ म्हटलं. पुन्हा दोनदा म्हटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं कोणी बोलावलं असेल, गेले असतील. शेवटी मीच विचारलं, डॉक्टरसाहेब, उजवा कधी बघणार? ते म्हणाले, "आँखें खोलिए." उजव्या तळव्यावर निळ्या शाईचे नऊ ठिपके होते. टाचेवर, कडेला, बोटांच्या मुळाशी, सगळीकडे. डाव्या तळव्यावरही नऊच. त्यातले मला तीन कळले होते.

मी ते ठिपके बघत राहिले. गच्चीवरची ती सगळी फुशारकी आठवली. आमच्या सांगलीच्या बायकांचे पाय! मला रडू आलं ते अंगठ्यासाठी नव्हतं, इतकी वर्षं पाय मुकाट जळत होते आणि मी त्यांचं कौतुक करत होते, त्यासाठी होतं. डॉक्टरांनी रडू दिलं. मग म्हणाले, "अँगूठे की बात अब रहने दीजिए. पैर की बात करते हैं. वो आपके हाथ में है."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. अंगठा काढायचा, ताप उतरवायचा, साखर आटोक्यात आणायची, आणि मग तळव्याची जखम भरेपर्यंत गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर दर आठवड्याला ते बदलणार. पण त्या पायावर एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, न्हाणीघरापर्यंतसुद्धा नाही. दुसऱ्या बाईला दुखतं म्हणून ती आपोआप पाय उचलून धरते. तुम्हाला ते डोक्याने करावं लागेल. केलंत तर पाय राहील.

शेजारची खाट

अंगठा काढला त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. झोपवलं, जागी झाले, पायाला मोठं बोचकं होतं. वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा, दहाला ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीचं एक चाक करकरायचं, तो आवाज लांबून आला की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा.

माझ्या शेजारच्या खाटेवर मलिहाबादकडची फूलमती होती. तिचा नवरा आंब्याच्या बागेची राखण करायचा. ही बागेत पाय घसरून पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. आधी गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, हाड वाकडं बसलं, म्हणून इथे आणून पुन्हा बसवलं होतं. ती इतकी कण्हायची, इतकी रडायची की शेवटी सिस्टर तिच्यावर ओरडायच्या. आणि माझं ड्रेसिंग चालू असताना मी सिस्टरशी भाज्यांच्या भावाबद्दल गप्पा मारत असे. फूलमती डोळे मोठे करून बघायची. एक दिवस म्हणाली, "दीदी, आप बड़ी हिम्मतवाली हैं."

दोन दिवस मी ती स्तुती खाल्ली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिला खरं सांगितलं, की मला काही कळतच नाही, पाय मेलेला आहे. तिला आधी पटेना.  मग स्वतःच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली, "तो हमारा वाला ठीक है." त्यानंतर ती कण्हायची ती जरा कमी. तीन आठवड्यांनी ती कुबड्या घेऊन घरी गेली, रडत आणि शिव्या देत, पण दोन्ही पायांनी. तिचा मला हेवा वाटला, हे कबूल करते.

चार पावलं

प्लास्टर घालून मला घरी सोडलं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. घराचा सगळा कारभार यांच्याकडे आणि रेवाकडे आला. हे पहाटे उठून पाणी भरायचे, खिचडी टाकायचे, मला आंघोळीच्या खुर्चीवर बसवायचे आणि मग साडेआठची कारखान्याची बस पकडायचे. खिचडी रोज खाली लागायची. मी रोज सांगायची, आच कमी ठेवा हो. रेवाचं कॉलेज, परीक्षा, माझी भांडी. तिचे डोळे खोल गेले होते. घरात कोणी कोणाशी नीट बोलेना. मी खाटेवरून हुकूम सोडायची, कारण तेवढंच करता येत होतं. डाळीला हिंग घातलं का, गॅसची शेगडी पुसली का, स्वयंपाकघरात चप्पल कोणी घातली. शेवटी एक दिवस रेवा म्हणाली, "मम्मी, प्लीज, आज कुछ मत बोलो." मी दिवसभर तोंड मिटून बसले. कठीण गेलं.

पाचव्या आठवड्यात मी ते केलं. रेवा गॅसवर दूध ठेवून कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेली. दूध वर येताना त्याचा वास येतो, तो मला खाटेवर आला. मी हाका मारल्या. घरात कोणी नव्हतं. दूध उतू जाणार, शेगडी भरणार, आणि मी नुसती बघत बसणार, हे मला झेपेना. बायकांना कळेल. मी उठले आणि गॅसपर्यंत गेले. चार पावलं जायला, चार यायला. पाय अजिबात दुखला नाही. परत येऊन चादर ओढून बसले. अगदी निर्दोष चेहरा केला.

संध्याकाळी यांनी पाय उशीवर उचलून ठेवताना पाहिलं, की प्लास्टरला तळव्यापाशी तडा गेलाय. विचारलं. मी आधी नाही म्हटलं, मग सांगितलं, दूध उतू जात होतं. मला वाटलं आता ओरडतील. हे ओरडत नाहीत, हीच तर पंचाईत. खुर्ची ओढून समोर बसले.

"तुला वाटतं हा पाय तुझा एकटीचा आहे," ते म्हणाले. "पोरगी आणि मी महिनाभर त्याच्यासाठी उभे आहोत. तू दुधासाठी उठलीस?"

  दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. भरत आलेल्या जखमेची कड पुन्हा फाटली होती आणि रक्त आलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे मागे गेलो. सर्जनसुद्धा येऊन बघून गेले, आणि यांच्याकडे पुन्हा एकदा त्याच 'मनाची तयारी ठेवा'च्या नजरेने बघितलं. आठ पावलांना तीन आठवडे. त्या रिक्षातून घरी येईपर्यंत मी ठरवलं, की घर जळालं तरी खाटेवरून उठणार नाही. त्यानंतर दोनदा दूध उतू गेलं. जाऊ दिलं. शेगडीवर करपलेलं दूध बघायला मी शिकले, आणि माझ्या मते माझा खरा इलाज तोच होता.

ऑक्टोबरात शेवटचं प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी तळव्यावरून आपला अंगठा फिरवला, दाबून पाहिलं, चष्मा काढून जवळून पाहिलं. "भर गया," एवढंच म्हणाले. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

चप्पल

जखम भरली म्हणजे संपलं असं नाही, हे त्यांनी नीट समजावलं. पाय मुकाच राहणार. म्हणून आता आयुष्यभर अनवाणी एक पाऊल नाही, घरातसुद्धा नाही. आणि चप्पल बाजारातली नाही. मऊ काळ्या रबराचा जाड तळ, वर रुंद पट्टे, माझ्या पायाच्या मापाची. ती कुठे मिळते? त्याच शहराबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात.

मी सरळ म्हटलं, ती चप्पल मी घालणार नाही. ती कुष्ठरोग्यांची म्हणून सगळ्यांना ओळखू येते. लोक काय म्हणतील? डॉक्टरांनी वाद घातला नाही. फक्त पेन काढलं आणि टेबलावर ठेवलं. मला ते नऊ ठिपके आठवले आणि मी तिथे गेले.

तिथे चपला बनवणारे उस्ताद स्वतः जुने रोगी होते. केव्हाच बरे झालेले, पण हाताची बोटं अर्धीच उरलेली. त्या हातांनी त्यांनी माझा पाय कागदावर ठेवला, कडेने पेन्सिल फिरवली, अंगठ्याची जागा रिकामी दिसली तिथे थांबले आणि म्हणाले की तिथे मऊ रबर भरून देतो, नाहीतर पाय पुढे घसरेल. आधी मी पाय आखडून धरला होता. खोटं कशाला बोलू, मला शिवून घ्यायचं नव्हतं. त्यांना ते कळलं असणार, रोज कळत असेल. निघताना म्हणाले, "बहनजी, सोने से पहले दोनों तलवे देख लिया कीजिए, जैसे लोग ताला देखते हैं. शीशा रख लीजिए." मी त्यांना नमस्कार केला. तेव्हापासून आजवर रोज रात्री आरशात तळवे बघते, एक दिवसही चुकवलेला नाही.

लोक म्हणायचे ते म्हणालेच. एका मराठी बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि पुढच्या वर्षीच्या कुरडया त्यांना नको झाल्या. राग आला. मग आठवलं, आधीच्या वर्षी मीही तेच केलं असतं. शुक्ला चाची मात्र गल्लीत ज्याला त्याला स्वतःहून सांगत सुटल्या, की शुगर है, शुगर, छूत नहीं है. इतक्या मोठ्याने, की मला तेही नको झालं.

घरात वेगळीच पंचाईत. नवी चप्पल घालून त्या रुग्णालयातून घरी आले ती उंबऱ्यात थांबले आणि सवयीने चप्पल काढली. रेवा किंचाळली. पण त्या रस्त्यावरच्या चपलेने मी स्वयंपाकघरात जाणार? देवासमोर उभी राहणार? ज्या घरात चपलेवरून मी सगळ्यांना फाडून खाल्लं, त्याच घरात! मी उंबऱ्यातच खुर्ची मागून बसले. रेवा म्हणाली, "तो अब तुम दरवाज़े में ही रहोगी?" तेव्हा हे पिशवी घेऊन आले. यांनी उस्तादांकडून मला न सांगता दुसरा जोड करून घेतला होता, फक्त घरात घालायला, रस्ता न पाहिलेला. यांनी तो पाटावर ठेवला, देवघरातली कुंकवाची कोयरी आणली आणि दोन्ही चपलांना बोटाने कुंकू लावलं.

"नवी स्कूटर आणली तेव्हा हळदकुंकू वाहून नारळ फोडलास ना?" म्हणाले. "ही तुझी गाडी. बस आणि चल."

मी हसले आणि रडलेही. ती चप्पल घालून आधी देवासमोर गेले, मग शेगडीपाशी. देवाने काही म्हटलं नाही.

पुढचा जेठ

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया करायच्या की नाही यावर घरात चर्चा झाली. मी म्हटलं, करायच्या, निम्म्या. चीक मी बसून शिजवीन, गच्चीवर मी जिन्याच्या सावलीत खुर्चीवर, चप्पल घालून. घालणं आणि उलटणं तुम्ही दोघं. आणि वाळवणातला चपलेचा नियम रद्द.

पण वीस वर्षांचा नियम असा तोंडाने रद्द होत नाही. पहिल्याच दुपारी रेवा स्लिपर घालून पुढे गेली आणि हे मागून आले. गच्चीच्या दारात यांनी सवयीने चप्पल काढली आणि अनवाणीच उन्हात गेले. मी हाक मारणार तेवढ्यात गप्प झाले. मला दुसरंच काही सुचलं. यांचं वय छप्पन्न. यांच्या आईला साखर होती. स्वतःची कधी तपासली नव्हती, माझ्याच पायापायी वर्ष गेलं होतं. मी यांच्या पावलांकडे बघत राहिले. एक पाऊल टाकलं, काही नाही. दुसरं टाकलं, काही नाही. म्हणजे यांनाही चटका लागत नाही?

तिसऱ्या पावलाला हे उडालेच. "आई गं, मेलो!" म्हणून एका पायावर नाचत परत आले, वाटेत दोन कुरडयांचा चुरा केला आणि सावलीत येऊन पायरीवर बसले. मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"हसतेस काय?" हे चिडून म्हणाले. "पोळलं मला!"

"पोळलं ना? बरं झालं हो," मी म्हटलं. "पाय इकडे करा."

यांचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. तळवे लालबुंद झाले होते. मग माझ्या पायावर डॉक्टरांनी जिथे जिथे शाईचे ठिपके दिले होते, त्या जागा आठवून मी एकेका ठिकाणी नखाने टोचत गेले. टाच, कड, अंगठ्याचं मूळ. इथे लागतंय? लागतंय. इथे? अगं लागतंय म्हटलं ना, सोड. मी सोडलं नाही. दोन्ही पायांच्या नऊ नऊ जागा टोचून पाहिल्या, आणि प्रत्येक जागी हे ओरडले.